टाचण

परतूरच्या शाळेत अकरा वर्षं
मी टाचण काढलं. लाल रेघेच्या डावीकडं वेळ,
उजवीकडं घटक, उपघटक, साहित्य: फळा, खडू, दोरी.
शेवटच्या रकान्यात लिहायचं असायचं: अपेक्षित वर्तनबदल.
तो रकाना मी बहुतेकदा घंटा झाल्यावर भरला.

आता त्यालाच स्टोरीबोर्ड म्हणतात.
रकाने तेच.
तनय, माझ्या शेवटच्या दहावीपेक्षा
फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा,
पुण्याहून फोनवर सांगतो,
"मॅम, टेक्स्ट कमी करा."
मी हो म्हणते.
कमी कसं बोलायचं ते मला
एकसष्ट पोरांच्या वर्गात, जेवणानंतरच्या तासाला,
पंखा बंद असताना कळालं होतं.
बायोडेटात ते कुठं लिहायचं, कळेना.

तिथं लिहिलं: बी.एस्सी., बी.एड., विनाअनुदानित.
खाली बरीच जागा उरली.
तिच्यात मावलं असतं, की
'कळालं का?' म्हटल्यावर सगळ्यात आधी 'हो' म्हणणाऱ्याला
काहीच कळालेलं नसतं.
की अपूर्णांक भाकरीनं शिकवू नयेत,
डबा न आणलेलं लेकरू खिडकीबाहेर बघतं.
दोरी घ्यावी.

पहिलं काम आलं ते जालन्यातल्याच
सळईच्या कारखान्याचं. सुरक्षेचा धडा, बावीस पडदे:
हेल्मेट, हातमोजे, तापलेल्या सळईपासून किती पावलं.
प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात हिरवं बटण, 'पुढे'.
तनयला आवडला. कंपनीला आवडला.
मला त्यात कुणाचाच चेहरा दिसेना.

दाखवायला एमआयडीसीत गेले.
कँटीनच्या टेबलावर टॅब, चहाचे ओले गोल,
पाळी संपवून आलेले आठ जण.
एक उठून उभा राहिला, हेल्मेट काढलं.
"मॅडम, मी मुंजाजी. ब तुकडी."
तिसऱ्या बाकावरचा मुंजाजी,
सगळ्यात आधी 'हो' म्हणणारा.

त्यानं बावीस पडदे चार मिनिटांत संपवले.
पुढे, पुढे, पुढे, पुढे.
"झालं मॅडम."
"कळालं का?"
"हो."
त्याच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत
कातडी चकाकत होती,
थंड दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली.
मी विचारलं नाही.
त्यानं बाही खाली ओढून घेतली.

त्या रात्री नळाला आठव्या दिवशी पाणी आलं.
बादल्या भरता भरता, ओल्या हातानं,
मी 'पुढे' काढून टाकलं.
आता पहिल्याच पडद्यावर सळई अडकते.
तू काय करशील?
तीन उत्तरं. तिन्ही कुणीतरी खरोखर केलेली,
फोरमननं फोनवर नाव न घेता सांगितलेली.
चुकलं तर लाल फुली नाही, भोंगा नाही.
पडदा गप्प राहतो. सहा सेकंद.
वर्गात मी एवढीच थांबायचे,
खडू बोटांत फिरवत, कुणाकडंच न बघता,
म्हणजे ज्याचं चुकलं
त्याचं त्यालाच ऐकू जायचं.

"मॅम, सहा सेकंदांत लोकांना वाटेल, ॲप अडकलं."
"वाटू दे."
"चार करू?"
"सहा."

पुढच्या मंगळवारी मुंजाजी पुन्हा बसला.
पहिल्या पडद्यावर चुकला.
गप्प झालेल्या टॅबकडं बघत राहिला,
मग माझ्याकडं. मी खिडकीबाहेर बघत होते.
दुसऱ्यांदा बरोबर आलं.
पाचव्या पडद्याशी मात्र तो थांबला तो थांबलाच.
अंगठा वर, हवेतच.

"मॅडम, हे चित्र चुकलंय."
बाही वर केली त्यानं, कोपरापर्यंत,
आणि दुसऱ्या हातानं टेबलावर दाखवू लागला.
"सळई अशी समोरून नाही येत.
खालून उसळते. बघा, अशी."

मी पिशवीतून वही काढली,
लाल रेघेच्या डावीकडं वेळ लिहिली.
"सांग," म्हटलं. "सावकाश सांग."